युकेतल्या गावात फुल फायबर आणायचंय? व्हाउचर स्कीममधून आपल्या गल्लीसाठी लाइन कशी मिळवायची, पायरीपायरीने

युकेत शहरापासून जरा लांब, गावात घर घेताना आपण सगळं बघतो. शाळेचा ऑफस्टेड रिपोर्ट, स्टेशनला किती मिनिटं लागतात, बाग कुठल्या दिशेला आहे, छत गळतंय का. इंटरनेटचं मात्र "असेलच की" म्हणून सोडून देतो, कारण पुण्यात गल्लीबोळात फायबर आहे तर इथे नसेल होय. मग चाव्या हातात येतात, सोमवारी टीम्सच्या कॉलवर आपण तोंड उघडं असताना गोठतो आणि रविवारी आई-बाबांशी बोलताना त्यांचं चित्र स्वच्छ आणि आपलंच धुरकट, वर बाबा विचारतात "तुमच्याकडे लाइट गेलेत का रे?"

आमच्या गल्लीत आता फुल फायबर आहे आणि ते कम्युनिटी स्कीममधून आलंय, म्हणजे गल्लीतल्या घरांनी मिळून सरकारी व्हाउचर वापरून आणलंय. त्यात शेजाऱ्यांची यादी, फॉर्म, फोनाफोनी हे सगळं माझ्याकडे होतं, म्हणून आता ओळखीतलं कोणी गावात घर घेतलं की मला मेसेज येतो. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सुरुवातीलाच सांगतो, हे काम टेक्निकल नाहीये. फायबर कसं चालतं ते कळलं नाही तरी चालेल. हे सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करण्यासारखं आहे, फक्त इथे पैसे सरकारचे असतात आणि लोकांकडून मागायची असते ती फक्त एक सही किंवा एक क्लिक. आणि खरं सांगू का, पैसे मिळवणं सोपं असतं, तो क्लिक मिळवणं अवघड.

## १. आत्ता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

बहुतेक गावांत जे "सुपरफास्ट फायबर" म्हणून विकलं गेलंय ते अर्धंच फायबर आहे. फायबर येतं ते रस्त्याकडेच्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत, तिथून तुमच्या घरापर्यंत तीच जुनी टेलिफोनची तांब्याची तार. याला एफटीटीसी म्हणतात. कॅबिनेटजवळ राहत असाल तर ७०-८० एमबीपीएस आरामात मिळतात, पण तांब्यात सिग्नल अंतराबरोबर मरतो, त्यामुळे दीडेक किलोमीटर लांब गेलात की १५ च्या आसपास आणि त्याहून पुढे विचारूच नका. राउटर बदलून, महागडं मेश (घरभर वायफाय पोचवणारे डबे) घेऊन यात काहीही फरक पडत नाही. लोक त्यातच शेकडो पाउंड घालवतात.

फुल फायबर म्हणजे एफटीटीपी, काचेची तार थेट घराच्या भिंतीपर्यंत. अंतराचा प्रश्नच संपतो. आपल्याला हे हवंय.

आत्ताचा स्पीड मोजायचा तर वायफायवर नको, लॅपटॉप केबलने राउटरला लावून मोजा आणि आकडा लिहून ठेवा. स्कीमसाठी सध्या १०० एमबीपीएसपेक्षा कमी मिळतंय हे बघितलं जातं, आणि शेजाऱ्यांशी बोलतानाही स्वतःचा आकडा तोंडावर असलेला बरा.

## २. तुमचा पत्ता स्कीममध्ये बसतो का? शेजारी नंतर, हे आधी

उत्साहाच्या भरात थेट व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. आधी शांतपणे तासभर बसून पत्ता तपासा.

ऑफकॉमचा (टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था) पत्ता तपासायचा चेकर आहे, ओपनरीचचा (देशातल्या बहुतेक टेलिफोन तारा सांभाळणारी कंपनी) आहे, आणि तुमच्या भागात काम करणाऱ्या छोट्या कंपन्यांचे, ज्यांना इथे आल्टनेट म्हणतात, त्यांचे आहेत (गिगाक्लिअर, ट्रूस्पीड, वेसेक्स इंटरनेट, व्होनिअस वगैरे, कोण कुठे आहे ते भागागणिक बदलतं). पोस्टकोड टाकून थांबू नका, पूर्ण पत्ता निवडा. गावाकडे एकाच पोस्टकोडमध्ये अर्ध्या घरांना फायबर आणि अर्ध्यांना नाही असं सर्रास असतं.

मग सरकारी बाजू. केंद्र सरकारचा 'प्रोजेक्ट गिगाबिट' नावाचा ५ अब्ज पाउंडांचा कार्यक्रम आहे, तो चालवते बिल्डिंग डिजिटल युके ही संस्था, सगळे तिला बीडीयूके म्हणतात. गिगाबिट ब्रॉडबँड व्हाउचर स्कीम ही त्याचाच भाग. बीडीयूके प्रत्येक पत्त्याला रंग देते. पांढरा म्हणजे गिगाबिट लाइन नाही आणि पुढच्या ३ वर्षांत कोणी स्वतःच्या पैशाने टाकेल असं दिसत नाही. करडा म्हणजे एका कंपनीची लाइन आहे किंवा येणार आहे, काळा म्हणजे दोन किंवा जास्त. आणि एक असतो "अंडर रिव्ह्यू", म्हणजे कंपनी म्हणतेय आम्ही येतो पण सरकारला खात्री नाही. सरकारी पैसा मुख्यतः पांढऱ्यासाठी आहे.

इथे पहिला सापळा. तुमचा पत्ता पांढरा असला तरी त्या भागासाठी प्रोजेक्ट गिगाबिटचं मोठं कॉन्ट्रॅक्ट एखाद्या कंपनीला दिलेलं असेल किंवा टेंडर चालू असेल तर व्हाउचर मिळत नाही, कारण एकाच घरासाठी सरकार दोनदा पैसे देणार नाही. ही वाईट बातमी नाही हां, उलट तुम्हाला काहीच न करता फायबर येणार आहे, फक्त कधी ते विचारत राहायचं. आणि स्कीम सगळीकडे सगळ्या वेळी उघडी नसते, निधी आणि भागानुसार दारं उघडतात-मिटतात, त्यामुळे मित्राच्या गावात झालं म्हणून आपल्याकडे होईलच असं धरू नका. काउंटी कौन्सिलमध्ये बहुतेक ठिकाणी ब्रॉडबँडसाठी एक माणूस किंवा टीम असते, त्यांना एक ईमेल टाका. मला सगळ्यात कामाची उत्तरं तिथून मिळाली, कंपन्यांकडून नाही.

स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिथला कार्यक्रम वेगळा, आर१०० नावाचा, त्याखाली व्हाउचर चालू आहे का ते तिथे बघा. वेल्समधल्यांनी तिथल्या सरकारच्या स्कीम बघाव्यात. खालचं बाकी सगळं मात्र तिथेही उपयोगी पडेल.

## ३. पैशाचं गणित

व्हाउचर हा चेक नाही. तो तुमच्या हातात येत नाही, तुमच्या बँकेत येत नाही. तुमच्या घराच्या नावाने मंजूर होतो आणि लाइन चालू झाल्यावर सरकार तो थेट कंपनीला देते. ही गोष्ट शेजाऱ्यांना समजावताना तुम्हाला परत परत सांगावी लागणार आहे.

आधी घराला १,५०० आणि छोट्या व्यवसायाला ३,५०० पाउंडांपर्यंत मिळायचे, नंतर दोघांनाही ४,५०० पर्यंत केले. एक पत्ता, एक व्हाउचर.

आता समजा तुमच्या गल्लीत २४ घरं आहेत आणि कंपनीने ९०,००० पाउंडांचं कोटेशन दिलं. ९०,००० भागिले ४,५०० म्हणजे २० व्हाउचर हवेत. २४ पैकी २० जणांनी हो म्हटलं तर कोणाच्याही खिशातून एक पेनी जात नाही. १६ जणच तयार झाले तर ७२,००० जमतात आणि १८,००० ची भोकं उरतात. ती गावाने भरायची, किंवा कोटेशन कमी करून घ्यायचं, किंवा आणखी घरं शोधायची.

तिसरा पर्याय सगळ्यात चांगला. नकाशावर पुढची गल्ली, शेवटचं फार्म, चर्चमागची चार घरं यांना आत घेतलं की खर्च थोडा वाढतो पण व्हाउचर जास्त वाढतात. उलटंही होतं, दोन किलोमीटर आत असलेलं एकटं फार्महाऊस घेतलं तर सगळ्यांचं गणित बिघडतं, आणि मग त्या फार्मवाल्याला नाही म्हणायचं का हा प्रश्न येतो. आमचं मत पडलं की घ्यायचं. काही काउंटी कौन्सिलांनी अशा वेळी व्हाउचरवर टॉप-अप दिलेले आहेत, म्हणून कौन्सिलच्या त्या ईमेलमध्ये हा प्रश्नही घाला.

## ४. कोणाबरोबर करायचं

व्हाउचर फक्त बीडीयूकेकडे नोंद असलेल्या सप्लायरमार्फतच वापरता येतो, आपण स्वतः अर्ज करून घेऊ शकत नाही. ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

ओपनरीच: त्यांच्या कम्युनिटी पार्टनरशिपच्या कार्यक्रमातून अशा लाइन आलेल्या आहेत. फायदा असा की एकदा त्यांची तार आली की बीटी, स्काय, झेन अशा बऱ्याच कंपन्यांमधून निवडता येतं आणि पुढे बदलता येतं. तोटा असा की तुमची गल्ली त्यांच्यासाठी फार छोटी गोष्ट आहे, आणि नवीन प्रोजेक्ट ते घेतील की नाही हे त्या वेळच्या प्लॅनवर अवलंबून.

आल्टनेट: चपळ असतात, माणूस फोन उचलतो, अपलोड स्पीडही डाउनलोडइतकाच देतात, जो घरून काम करणाऱ्याला खरा उपयोगी. पण बहुतेक वेळा त्या तारेवर तीच एक कंपनी सर्व्हिस देते, पुढे भाव वाढवला तर तुम्ही अडकलात. शिवाय अनेक जण सीजीनॅट वापरतात, म्हणजे तुम्हाला स्वतःचा वेगळा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही. घरी सर्व्हर ठेवणारे किंवा बाहेरून थेट घरच्या कॅमेऱ्याला जोडणारे यांनी सही करायच्या आधी स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मिळेल का आणि कितीला ते विचारा.

स्वतःच खणायचं: हसू नका. लँकेशरमध्ये बीफोरआरएन, म्हणजे ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ, २०११ मध्ये गावकऱ्यांनीच सुरू केलं. शेअर विकून पैसा उभा केला, शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातून तार न्यायला फुकट परवानगी दिली, लोकांनी स्वतः चर खणले आणि जिथे मोठ्या कंपन्या फिरकत नव्हत्या तिथे १ गिगाबिट आणलं. ती कम्युनिटी बेनिफिट सोसायटी आहे, म्हणजे आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखी, नफा मालकाच्या खिशात जात नाही. साखर कारखाने आणि दूध संघ बघत मोठे झालेल्या आपल्या लोकांना ही कल्पना चटकन कळायला हवी. पण त्यासाठी गावात शेतजमीन, ट्रॅक्टर आणि वर्षानुवर्षं वेळ देणारी माणसं लागतात. तुमचं गाव त्यांच्या पट्ट्याजवळ असेल तर नवीन संस्था काढण्यापेक्षा त्यांनाच विचारा.

आणि यातलं काहीच जमत नसेल, तुमच्याकडे १० एमबीपीएस डाउनलोड आणि १ अपलोडसुद्धा येत नसेल, तर २०२० पासून कायद्याने तेवढं मागायचा हक्क आहे, त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन म्हणतात. हल शहरात केकॉम कंपनीकडे आणि बाकी सगळीकडे बीटीकडे अर्ज करायचा. ३,४०० पाउंडांपर्यंतचा खर्च तुमच्यावर येत नाही, त्यावरचा येऊ शकतो. बऱ्याचदा ते ४जीचा राउटर पुढे करतात, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

## ५. यादी आणि नकाशा

कोटेशन मागायच्या आधी एक स्प्रेडशीट करा. प्रत्येक घराचा पत्ता, सध्याचा स्पीड, मालक राहतो की भाडेकरू, आणि त्यांचं आत्ताचं ब्रॉडबँड कॉन्ट्रॅक्ट कधी संपतं. हा शेवटचा कॉलम का ते खाली कळेल.

पत्त्यांचा घोळ इथे फार असतो. गावात घरांना नंबर नसतात, नावं असतात, "द ओल्ड फोर्ज", "रोझ कॉटेज", आणि एका गावात दोन रोझ कॉटेज असू शकतात. मागच्या कोठाराचं घर केलेलं, आजीसाठी बागेत बांधलेली खोली, यांना वेगळा पत्ता आहे की नाही हे राहणाऱ्यालाही माहीत नसतं. प्रत्येक मिळकतीला युपीआरएन नावाचा एक युनिक नंबर असतो, तो 'फाइंड माय ॲड्रेस' या वेबसाइटवर फुकट शोधता येतो. तो यादीत लिहा. व्हाउचर पत्त्यावर मिळतो आणि सिस्टीमला पत्ता सापडला नाही तर ते घर गणितातून गळतं. आमच्याकडे एक कोठारवालं घर असंच अडकलं होतं, कौन्सिलच्या ॲड्रेस विभागाकडून नोंद दुरुस्त झाल्यावरच पुढे सरकलं.

आणि ही यादी म्हणजे लोकांची खाजगी माहिती आहे. विचारून घ्या, ग्रुपवर टाकू नका, सगळ्यांना ईमेल पाठवताना बीसीसी वापरा. इथले लोक यावर पटकन बिथरतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

## ६. दारोदार

इथे खरा कस लागतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर सप्लायरच्या फॉर्मची लिंक टाकली की दहा अंगठे येतात आणि फॉर्म दोनच भरले जातात. लिंक टाकून बसू नका, दार वाजवा.

तुम्ही गावात नवे असाल, कदाचित एकटेच भारतीय असाल, तर संकोच वाटणार. माझ्या अनुभवाने उलट हे काम सोपं जातं, कारण जुन्या भांडणांमध्ये तुम्ही नसता. कुंपणावरून दहा वर्षं न बोलणारे दोन शेजारी तुमच्याशी मात्र बोलतात. तरीपण एकटे जाऊ नका, गावात मुरलेलं एक माणूस बरोबर घ्या. निवृत्त शिक्षक, पोस्ट ऑफिस चालवणारी बाई, पॅरिश कौन्सिलचा क्लार्क, असं कोणीतरी. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत समजा. त्यांच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं मागा, त्यांच्या न्यूजलेटरमध्ये चार ओळी छापून आणा. न्यूजलेटरमध्ये आलं की मग ते खरं, तोपर्यंत तुम्ही काहीतरी विकायला आलेले.

कारण लोकांना पहिली शंका तीच असते, हा स्कॅम आहे. म्हणून सप्लायरचं किंवा पॅरिश कौन्सिलचं पत्र हातात ठेवा आणि आधीच सांगा की बँकेचे डिटेल्स कोणी मागणार नाही, कोणी मागितले तर देऊ नका.

दारात ऐकायला मिळणारी वाक्यं आणि त्यावर काय बोलायचं:

"माझं चाललंय व्यवस्थित." वाद घालू नका. त्यांना सांगा की तुमच्या व्हाउचरवर पुढच्या तीन घरांचं जमणार आहे. इथे माणूस स्वतःसाठी नाही म्हणतो पण शेजाऱ्याच्या कामासाठी हो म्हणतो.

"मी ८१ वर्षांची आहे, मला काय करायचंय." फोनच्या लाइनचं सांगा. जुनं लँडलाइन नेटवर्क जानेवारी २०२७ मध्ये बंद होतंय, सगळे फोन इंटरनेटवरून चालणार. हे त्यांना पटतं कारण त्यांना टेलिफोन कंपनीचं पत्र आलेलं असतं आणि त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

"माझ्याकडे सॅटेलाइटची डिश आहे." हा गट अवघड. पैसे घालून बसलेत. महिन्याचं बिल किती आणि फायबरचं किती एवढं फक्त समोर ठेवा आणि निघा, दोन आठवड्यांनी स्वतःच मेसेज करतात.

"मी भाडेकरू आहे." व्हाउचर तरी घेता येतो, पण भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी लागते. घरमालकाचा ईमेल तेव्हाच घ्या.

"नंतर भरतो." म्हणजे नाही. "आत्ता फोनवर करूया का, तीन मिनिटं लागतात" असं म्हणा. पण त्यांच्या वतीने तुम्ही भरू नका आणि एका ईमेलवरून पाच घरांचे फॉर्म तर अजिबात नको, पुढची खात्री त्या घरातल्या माणसालाच करावी लागते. ज्यांच्याकडे ईमेलच नाही त्यांच्या मुलामुलींना गाठा, ती मँचेस्टरला असली तरी.

रविवारी दुपारी बरं पडतं. संध्याकाळी सहा-सातला नको, ती यांची जेवायची वेळ.

## ७. दुसरा क्लिक, जो सगळे विसरतात

पहिला फॉर्म म्हणजे फक्त इच्छा. पुरेसे लोक झाले की सप्लायर ती यादी बीडीयूकेकडे पाठवतो आणि मग प्रत्येक घराला सरकारकडून एक ईमेल येतो, "तुमच्या नावाने व्हाउचर मागितलाय, बरोबर आहे का". यात हो म्हणेपर्यंत तो व्हाउचर धरला जात नाही.

आणि हा ईमेल पहिल्या फॉर्मनंतर बऱ्याच महिन्यांनी येतो, स्पॅममध्ये जातो, आणि ज्यांना उघडून दिसतो त्यांना तो स्कॅम वाटतो. तारीख उलटली की गेला. म्हणून सप्लायरला विचारून ठेवा की ईमेल कोणत्या दिवशी सुटणार, आदल्या दिवशी सगळ्यांना सांगा, विषयाच्या ओळीत काय असेल तेही सांगा, आणि त्या आठवड्यात सुट्टीवर जाऊ नका. यादीत "दुसरा क्लिक" असा कॉलम ठेवा आणि तो रोज भरा. आमच्याकडे लोक भेटले की हवामानाच्या आधी हाच विषय निघायचा.

## ८. कागदपत्रं आणि परवानग्या

प्रत्येक घराकडून लागतं ते:

- पूर्ण पत्ता, पोस्टकोड, युपीआरएन असेल तर उत्तम
- बिल ज्याच्या नावावर येणार त्याचं नाव, स्वतःचा ईमेल, फोन
- सध्याचा स्पीड
- व्यवसायाच्या पत्त्यावर घेत असाल तर व्यवसायाची माहिती
- भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी
- फ्लॅट असेल तर फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) किंवा मॅनेजिंग एजंटची परवानगी

लिस्टेड बिल्डिंगमध्ये (वारसा म्हणून जपलेल्या इमारतीत) राहत असाल तर बाहेरून डबा बसवण्याआधी कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला विचारा, ३०० वर्षं जुन्या दगडात ड्रिल मारल्यावर नाही.

गावाच्या पातळीवर मोठी गोष्ट म्हणजे वेलीव्ह. कोणाच्या खाजगी जमिनीतून किंवा जमिनीवरून तार जाणार असेल तर त्या मालकाची लेखी परवानगी. रस्ता कौन्सिलचा असेल तर कंपनी बघून घेते, पण खाजगी लेन असेल तर तिचे मालक कोण हेच आधी शोधावं लागतं. कधी लेनवरची सगळी घरं मिळून मालक असतात, कधी जुन्या इस्टेटच्या ट्रस्टचं नाव निघतं. लँड रजिस्ट्रीवरून थोडी फी भरून मालकाची नोंद काढता येते. हे काम व्हाउचर मंजूर व्हायची वाट न बघता सुरू करा, कारण प्रोजेक्ट सगळ्यात जास्त लटकतात ते इथेच. एका मालकाचा वकील सुट्टीवर असला की अख्खी गल्ली थांबते.

व्हाउचरमध्ये सगळा खर्च बसत नसेल आणि वरचे पैसे गावाने भरायचे असतील तर कोणीतरी कंपनीशी करार करायला लागतो. तो तुमच्या स्वतःच्या नावावर करू नका. कितीही भरवशाचे शेजारी असोत. कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी किंवा साधी लिमिटेड कंपनी काढा, तिचं बँक खातं काढा, पैसे त्यात येऊ देत. आणि करारात वाचा की ठरलेल्या संख्येने लोकांनी कनेक्शन घेतलंच नाही तर तो फरक कोणी भरायचा. हे वाक्य सापडेपर्यंत सही नको.

## ९. काम चालू असताना

करार झाल्यावर वर्षभर सहज जातं. सर्व्हेवाला येतो, खांबांवर चढतो, जुन्या डक्टमध्ये (जमिनीखालच्या पाइपात) रॉड घालून बघतो आणि अर्धे डक्ट मातीने बंद निघतात. रस्ता खणायला परमिट लागतं, आणि रस्ता नुकताच नव्याने केलेला असेल तर कौन्सिल काही काळ खणूच देत नाही. आपण फक्त लोकांना महिन्यातून एकदा दोन ओळी पाठवायच्या, काही घडलं नसेल तरी. बातमी थांबली की अफवा सुरू होतात.

आता तो कॉन्ट्रॅक्टचा कॉलम. काम चालू असताना शेजाऱ्याचं जुनं कॉन्ट्रॅक्ट संपतं, कंपनीचा गोड फोन येतो, आणि तो २४ महिन्यांसाठी परत त्याच तांब्याच्या लाइनला सही करतो. मग फायबर आलं की एक्झिट फी नको म्हणून कनेक्शन घेत नाही, आणि त्याचा व्हाउचर जातो. म्हणून सगळ्यांना सांगून ठेवा: महिना-महिन्याचं घ्या, किंवा आत्ताच्याच कंपनीत फायबरवर विनादंड जाता येईल का ते लेखी विचारा.

## १०. ऑर्डर आणि बसवणं

चेकरवर तुमच्या पत्त्याला फायबर मिळतंय असं दिसलं की ऑर्डर टाका, उगाच ब्लॅक फ्रायडेची वाट बघू नका, व्हाउचरला मुदत असते. किमान १२ महिन्यांचं कनेक्शन घ्यावं लागतं आणि स्कीमने ठरवलेला किमान स्पीडही असतो, तो तुमच्या व्हाउचरच्या ईमेलमध्ये दिलेला असतो. सगळ्यात स्वस्त पॅकेज त्यात बसेलच असं नाही, आधी बघा. घरून काम करणारे दोघे आणि दोन मुलं असली तरी १५० पुरतात, गिगाबिटची जाहिरात बघून भुलायचं कारण नाही. दरवर्षी भाव किती वाढणार तेही बघा, जानेवारी २०२५ पासूनच्या नवीन कॉन्ट्रॅक्टमध्ये हा आकडा पाउंड आणि पेन्समध्ये लिहावाच लागतो.

इंजिनिअर येतो तेव्हा खांबावरून किंवा जमिनीखालून तार आणतो, बाहेरच्या भिंतीवर छोटा डबा, तिथून भोक पाडून आत, आणि आत एक पांढरा डबा ज्याला ओएनटी म्हणतात. त्याला वीज लागते, म्हणून जवळ मोकळा सॉकेट हवा. तो कुठे बसवायचा हे तुम्ही ठरवा, तो यायच्या आधी. नाहीतर सोपं म्हणून समोरच्या दरवाज्याशेजारी ठोकून जातो आणि तुमची ऑफिसची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या कॉटेजच्या जाड दगडी भिंतीतून वायफाय जात नाही, तेव्हा डबा घराच्या मध्याकडे घ्या, मेशचे पैसे आता खरे कामाला येतील.

लाइन चालू झाली की बीडीयूकेकडून परत एक ईमेल येऊ शकतो, कनेक्शन मिळालं का विचारणारा. त्यालाही उत्तर द्या आणि शेजाऱ्यांकडूनही देववा. कंपनीला पैसे त्यानंतरच मिळतात.

## ११. जुनी लाइन तोडायच्या आधी

फायबरवर लँडलाइन राउटरमधून चालते. म्हणजे वीज गेली की फोन गेला. गावात थंडीच्या वादळात वीज जातेच आणि अनेक गावांत मोबाइलची रेंजही नसते. ज्यांच्याकडे दुसरा मार्ग नाही त्यांना कंपनीने बॅटरी बॅकअप द्यायचा असतो, पण मागावा लागतो.

त्याहून महत्त्वाचं, ज्या आजी-आजोबांच्या गळ्यात इमर्जन्सीचं बटण आहे, ते बटण बऱ्याचदा जुन्या फोनलाइनवर चालतं. ऑर्डर देतानाच कंपनीला सांगा आणि बटणाच्या कंपनीलाही फोन करा, नवीन लाइनवर चालतं का ते टेस्ट करून घ्या. घराच्या अलार्मचंही तसंच. त्यांच्या घरी इंजिनिअर येणार त्या दिवशी तुम्ही किंवा त्यांचं कोणीतरी तिथे असा.

जुनी कंपनी सोडताना स्वतःहून आधी कॅन्सल करू नका. सप्टेंबर २०२४ पासून वन टच स्विच आहे, नवीन कंपनीच जुनीला कळवते. जुना फोन नंबर ठेवायचा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, लाइन बंद झाल्यावर तो परत मिळवणं फार कठीण. आणि जुना राउटर परत मागितला असेल तर त्यांच्या पिशवीत घालून पोस्टात टाका आणि पावती जपून ठेवा, नाहीतर शेवटच्या बिलात त्याचे पैसे लागतात.